टर्बोच्या ट्रकमध्ये इंजिनात जाणारी हवा थंड ठेवायची तर

एप्रिल-मेमध्ये कसारा घाट चढताना लोडची गाडी ओढत नाही, मागे काळा धूर सुटतो, पाण्याचा काटा मात्र जागेवर असतो. गॅरेजला गाडी येते ती ‘टर्बो गेला’ म्हणत. टर्बो (सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूवर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) खोलल्यावर बहुतेक वेळा तो ठीक निघतो. बिघाड असतो हवेच्या वाटेवर, म्हणजे एअर क्लीनरच्या तोंडापासून मॅनिफोल्डपर्यंत (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी). या वाटेवर हवा कुठे आणि किती तापते हे आधी मोजायचं, मग पाना हातात घ्यायचा. मोजल्याशिवाय मोठा इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारी जाळी) बसवणं म्हणजे ताप मोजल्याशिवाय सलाईन लावणं.

आकडे आधी

हवा दाबली की तापते. हे टाळता येत नाही. बाहेर ४२ अंश आहे, टर्बो १.५ बार म्हणजे साधारण २२ पीएसआय बूस्ट (हवेचा वाढीव दाब) देतोय आणि त्याचा कंप्रेसर चांगल्या स्थितीत आहे असं धरलं, तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा १८० अंशांच्या आसपास असते. इंटरकूलर धडधाकट असेल तर तीच हवा मॅनिफोल्डला साधारण ६३ अंशांवर पोचते. इंटरकूलर अर्धवट चोंदला आणि तापमान ८३ वर गेलं, तर त्याच दाबाला सिलिंडरमध्ये सुमारे साडेपाच टक्के हवा कमी भरते. जुन्या मेकॅनिकल डिझेल पंपाच्या गाडीत डिझेल तेवढंच पडत राहतं, म्हणून धूर. नव्या गाडीत ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) डिझेल कापतो, म्हणून ओढ नाही. दोन्हीकडे सायलेन्सरच्या बाजूची उष्णता वाढते आणि तिचा मार टर्बो, मॅनिफोल्ड आणि पिस्टनच्या डोक्यावर पडतो.

आता टर्बोच्या आधीची गोष्ट. फिल्टरमध्ये ४२ ऐवजी ५५ अंशांची हवा शिरली, तर टर्बोनंतर ती १८० ऐवजी १९८ च्या घरात जाते. आत १३ अंश जास्त, बाहेर १८ जास्त. टर्बोआधी वाचवलेला प्रत्येक अंश म्हणून दीडपट मोलाचा, आणि तो वाचवायला खर्चही सगळ्यात कमी येतो.

तीन जागी मोजा

पहिली जागा टर्बोच्या तोंडाशी, फिल्टरकडून येणाऱ्या पाइपवर. दुसरी टर्बोच्या निकासावर. तिसरी इंटरकूलरच्या बाहेरच्या नळीवर, मॅनिफोल्डच्या अलीकडे. बाहेरचं तापमान आरशाच्या दांड्याजवळ, सावलीत.

के-टाइप थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या) वायरी आणि दोन चॅनेलचा डिजिटल मीटर यात काम होतं. वायरीचं टोक धातूच्या पाइपवर ॲल्युमिनियम टेपने चिकटवा आणि वरून ग्लासवूलची पट्टी गुंडाळा, नाहीतर बाहेरचा वारा आकडा पाडतो. पाइपचा पृष्ठभाग आतल्या हवेपेक्षा थोडा थंडच दाखवतो. आपल्याला आधी आणि नंतरची तुलना हवी असल्यामुळे हे चालतं. दाबाच्या पाइपला भोक पाडून वायर घालू नका.

इन्फ्रारेड गनचं एक सांगायला हवं. इंटरकूलरचा चकचकीत ॲल्युमिनियम पाइप गनला फसवतो. पाइप हात लावता येणार नाही इतका तापलेला असतो आणि गन ४५ दाखवते, कारण चकाकीत तिला आजूबाजूचं प्रतिबिंब दिसतं. थंड बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. गरम बाजूला टेप वितळेल, तिथे सायलेन्सरचा मॅट काळा रंग ठिपक्याएवढा लावा. गन वितभर अंतरावरून, सरळ.

मोजणी लोड भरून, एकाच चढावर, पूर्ण ॲक्सिलरेटरवर किमान दोन मिनिटं गाडी ओढत असताना करायची. आकडे शेजारी बसलेला माणूस लिहील, ड्रायव्हर नाही. उभ्या गाडीला रेस देऊन घेतलेल्या आकड्यांचा काही उपयोग नाही, कारण लोडशिवाय बूस्ट येतच नाही. बूस्टचा आकडाही सोबत लिहा.

पहिल्या जागेचं तापमान बाहेरच्यापेक्षा ५ ते ८ अंश जास्त असेल तर ठीक. १२ च्या पुढे गेलं तर फिल्टर गरम हवा ओढतोय. तिसरी जागा मोकळ्या रस्त्यावर बाहेरच्यापेक्षा २० ते २५ अंशांनी वर असावी. घाटात १५ च्या स्पीडने चढताना ३०-३५ पर्यंत गेली तरी समजून घ्या. त्यापुढे इंटरकूलर किंवा पंखा. पहिली जागा ठीक आणि दुसरीच भडकलेली असेल तर चोंदलेला फिल्टर, हवेची गळती किंवा थकलेला टर्बो. आणि तिन्ही आकडे थंड, तरी गाडी ओढत नाही? मग बूस्टच होत नाहीये. तापमानाचा पिच्छा सोडा आणि डिझेल फिल्टर, वेस्टगेटकडे (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप) बघा.

ईजीआरच्या (जळका वायू थोडा परत इंजिनात सोडणाऱ्या) गाडीत मॅनिफोल्डवर मोजून फसगत होते. इंटरकूलरनंतर जळका वायू तिथे मिसळतो, त्यामुळे आकडा वर दिसतो आणि इंटरकूलर विनाकारण बदनाम होतो. अशा गाडीत ईजीआर जिथे मिसळतो त्याच्या आधीच तिसरी जागा धरा. तिथे थंड आणि मॅनिफोल्डला फारच गरम असेल तर ईजीआर कूलर काजळीने भरलाय का किंवा व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का, ते पाहा.

टर्बोआधी: फिल्टर आणि त्याचं तोंड

कॅबिन टिल्ट होणाऱ्या गाड्यांत हवेचं उंच तोंड कॅबिनच्या मागच्या भिंतीवर असतं आणि फिल्टरचा डबा चेसिसवर. दोन्हींच्या मध्ये रबराचा घडीचा बेलोज असतो, जो कॅबिन खाली आल्यावर नुसता दाबून बसतो. कॅबिन टिल्ट करून बसवताना हा बेलोज मुडपतो, त्याची कड फाटते किंवा तो बोटभर सरकून बसतो. मग फिल्टर वरची थंड हवा सोडून इंजिनवरून उठणारी गरम हवा ओढतो, सोबत धूळही. तपासायला कडेला सगळीकडून खडूची भुकटी लावा, कॅबिन लॉक करा, पुन्हा उचला. वरच्या तोंडावर खडूचा पूर्ण गोल उमटला पाहिजे. जिथे तुटला तिथे फट. नवीन बेलोज फार महाग नाही. टायरच्या ट्यूबची पट्टी बांधून वेळ मारून नेऊ नका, ती आत ओढली जाते.

हवेचा पाइप एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा टर्बोच्या गरम कवचाजवळून जात असेल तर मधलं पत्र्याचं हीट शील्ड जागेवर आहे का बघा. काम करताना काढलेलं शील्ड बोल्ट गंजला म्हणून परत लागतच नाही, असं सर्रास होतं. नसेल तर एक मिलिमीटरचा पत्रा, दोन्हीकडे किमान १५ मिलिमीटर मोकळी हवा सोडून बसवा. एक्झॉस्टला पट्टी गुंडाळायची हौस असेल तर आधी ऑइलची गळती बंद करा. ऑइलने भिजलेली पट्टी म्हणजे चुलीवर ठेवलेला बोळा.

फिल्टर चोंदला की टर्बोच्या तोंडाशी दाब पडतो, तेवढंच बूस्ट द्यायला त्याला जास्त पिळावं लागतं, आणि हवा तापते. टर्बो डिझेलसाठी साधारण मर्यादा २५ इंच पाणी, म्हणजे सुमारे ६.२ किलोपास्कल. वरच्या उदाहरणात एवढ्याने टर्बोनंतरचं तापमान १८० वरून १९० च्या पुढे जातं. डब्यावरचा रिस्ट्रिक्शन इंडिकेटर लाल झाला की बाहेरचा एलिमेंट बदला. कंप्रेसरने हवा मारायचीच असेल तर दाब २ बारच्या आत, आतून बाहेर, आणि एलिमेंट जमिनीवर आपटायचा नाही. आपटल्याने कागदाची घडी चिरते आणि त्या चिरेतून गेलेली धूळ कंप्रेसरच्या पात्यांच्या कडा खाते. आतला छोटा सेफ्टी एलिमेंट कधीच झाडायचा नाही. बाहेरचा तीनदा बदलला की तो एकदा बदलायचा. तेल लावलेले कापडी फिल्टर क्रशर आणि खाणीच्या रस्त्यावरच्या गाडीला लावू नयेत, धूळ पकडण्यात ते कागदाच्या मागेच राहतात.

इंटरकूलरची फट, जिथे सगळा कचरा बसतो

समोरून पाहिलं तर आधी एसीचा कंडेन्सर (असेल तर), मग इंटरकूलर, मग रेडिएटर. मिस्त्री समोरून पाण्याचा फवारा मारतो, इंटरकूलर चकचकीत दिसतो, काम झालं. पण कचरा इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत असतो. ऊस वाहणाऱ्या गाडीत पाचटाची कुसळं, कापसाच्या गाडीत रुईचा तंतू, धान्याच्या गाडीत कोंडा, आणि वर इंजिन ऑइलच्या वाफेने त्याचा बनलेला नमदा. समोरून मारलेलं पाणी तो नमदा अजून आत दाबतं.

नीट करायचं तर अर्धा दिवस द्या:

१. इंजिन पूर्ण थंड. ग्रिल काढा. इंटरकूलरचे दोन्ही होज आणि बाजूचे बोल्ट काढून तो पुढे झुकवा, इतका की फटीत हात जाईल. एसीच्या पाइपवर ताण येऊ देऊ नका. उघड्या तोंडांत कापडाचा बोळा कोंबायचा मोह टाळा, तो आतच राहून जातो. प्लास्टिकची टोपी किंवा पिशवी बांधा.

२. फटीतला सुका कचरा नरम ब्रशने वरून खाली काढा. नंतर इंजिनच्या बाजूने पुढे, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने कंप्रेसरची हवा.

३. तेलकट असेल तर ॲल्युमिनियमला चालणारा डीग्रीझर शिंपडून १० मिनिटं ठेवा. वॉशिंग सेंटरवरचं कॉस्टिकचं पाणी नको. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि फिन्स (जाळीतले पातळ पत्रे) दोन-तीन धुलाईत पापुद्र्यासारख्या होतात.

४. पाणी पुन्हा इंजिनच्या बाजूने पुढे, फिन्सना काटकोनात. प्रेशर वॉशर किमान एक मीटर दूर. तिरका फवारा फिन्स लोळवतो, आणि लोळलेली फिन चोंदलेल्या फिनइतकीच निकामी. थोड्या लोळलेल्या असतील तर फिन कोंबने सरळ होतात.

५. अंधारात मागून बॅटरी धरा आणि पुढून पाहा. प्रकाश सगळीकडून सारखा आला पाहिजे. काळे डाग दिसले तिथे पुन्हा.

बसवताना इंटरकूलर आणि रेडिएटरच्या कडेच्या फोमच्या आणि रबराच्या पट्ट्या मागे टाकू नका. मिस्त्री त्यांना ‘आवाजाची पट्टी’ म्हणतात, पण त्यांचं काम वेगळं आहे. कमी स्पीडला पंख्याने मागे फेकलेली गरम हवा त्या फटींतून वळून पुढे येते आणि परत इंटरकूलरमधून फिरते. घाटात तापमान चढतं आणि सपाटीला उतरतं अशी गाडी आली की आधी या पट्ट्या बघा.

ग्रिलसमोर काय लटकलंय तेही बघा. नंबर प्लेटएवढं असेल तर काही नाही. पण ट्रान्सपोर्टच्या नावाचा फ्लेक्स, चार हॅलोजनची पट्टी, किड्यांसाठी बांधलेली नायलॉनची जाळी, त्यावर चवऱ्या, आणि मग तक्रार की गाडी तापते. लिंबू-मिरची राहू द्या, तिने हवा अडत नाही.

पंखा

घाटात १५ च्या स्पीडला समोरून वारा नसतोच, सगळा वारा पंख्याचा. व्हिस्कस फॅन क्लच (तापल्यावर पंखा इंजिनशी जोडणारा भाग) थंड गाडीवर, इंजिन बंद असताना हाताने फिरवून बघा. एक-दोन फेऱ्यांत थांबला पाहिजे. चार-पाच फेऱ्या मोकळा फिरला तर आतलं सिलिकॉन ऑइल गेलं, कवचावर तेलाच्या रेघाही दिसतील. गरम गाडीवर इंजिन बंद करून फिरवला तर जड लागावा. चांगला क्लच चढावर जोडला जातो तेव्हा पंख्याची घरघर कॅबिनमध्ये स्पष्ट ऐकू येते. ती गेल्या उन्हाळ्यात येत होती आणि यंदा नाही असं ड्रायव्हर म्हणाला, तर मोजणीची गरज नाही.

क्लचच्या तोंडावरची बायमेटल पट्टी रेडिएटरमधून येणाऱ्या हवेवर चालते. तिच्यावर चिखल-तेलाचा थर असेल तर पंखा उशिरा जोडला जातो, म्हणून फक्त ती पुसली तरी फरक पडतो. श्राउड (पंख्याभोवतीचं कडं) फुटका असेल तर बदला. पात्याचं टोक आणि श्राउड यांत बोटभर अंतर पुरे. मूठ जाईल इतकं अंतर पडलं असेल तर इंजिन माउंटिंग बसलंय.

गळती: ३० पीएसआय, १५ सेकंद

बूस्टची हवा गळाली की तेवढंच बूस्ट द्यायला टर्बो जास्त फिरतो आणि हवा जास्त तापवतो. शिट्टी किंवा फुस्स आवाज येईलच असं नाही, केसाएवढी भेग इंजिनच्या आवाजात हरवते.

टर्बोच्या निकासाकडचा होज आणि मॅनिफोल्डकडचा होज सोडा. दोन्ही तोंडांना मापाची ॲल्युमिनियम किंवा नायलॉनची बुचं, एकात टायरचा व्हॉल्व्ह, प्रेशर गेज आणि बंद करायचा कॉक. बुचं टी-बोल्ट क्लॅम्पने आवळा आणि वर साखळी बांधा. हे हलक्यात घेऊ नका: ७५ मिलिमीटरच्या बुचावर ३० पीएसआयला सुमारे ९० किलोचा धक्का असतो. लाकडी खुंटी ठोकून हवा भरणाऱ्याच्या समोर उभं राहू नये.

टायरच्या कंप्रेसरला रेग्युलेटर लावूनच ३० पीएसआय, म्हणजे २ बारपर्यंत भरा. कॉक बंद करा, १५ सेकंद मोजा. बहुतेक कंपन्यांच्या हिशोबाने ५ पीएसआयपर्यंत उतरलं तर चालतं, त्यापेक्षा जास्त तर गळती शोधा. साबणाचं पाणी आधी क्लॅम्पवर, मग इंटरकूलरच्या टाकी आणि नळ्यांच्या जोडावर. भेग तिथेच पडते, कारण वरची टाकी तापते-थंड होते आणि नळ्या तिच्याशी वेगळ्या वेगाने ताणतात. त्यात खालचे रबरी बुश गेले असतील तर चेसिसचा पीळ थेट जोडावर येतो. म्हणून भेग सांधली आणि बुश तसेच ठेवले, तर महिन्याभरात शेजारीच नवीन भेग. सांधायचं तर आर्गन वेल्डिंगनेच, आतलं तेल धुऊन पूर्ण कोरडं केल्यावर. इपॉक्सीचं लिंपण पहिल्या घाटात उकलतं.

होज सिलिकॉनचाच हवा. रेडिएटरचा काळा होज गरम बाजूला दोन आठवडे टिकेल, मग तेलाने फुगून फाटेल. पाइपच्या तोंडाची उभारलेली कड होजच्या आत गेली पाहिजे आणि क्लॅम्प तिच्या मागे. होज चढेना म्हणून ग्रीस लावू नका. पूर्ण बूस्टला तो त्याच ग्रीसवरून घसरून निघतो. आतून तेल पुसून, साध्या पाण्याने ओला करून चढवा.

आता इंटरकूलरच्या आतलं तेल. पातळ थर असतोच, पण होज सोडल्यावर वाटीभर ओघळलं तर टर्बोचं सील किंवा क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) बघा. नळीत तेलाचा थर म्हणजे उष्णतेला रजई. आणि टर्बो फुटून बदलला असेल तर जुना इंटरकूलर न धुता जोडायचा नाहीच. साठलेलं तेल इंजिन डिझेलसारखं पितं, चावी बंद करूनही इंजिन पळत सुटतं. पात्यांचे तुकडे आत गेले असतील तर धुऊन खात्री होत नाही, कोअर बदला.

इंटरकूलरच्या आधी आणि नंतर दाब मोजून फरक २ ते ३ पीएसआयच्या वर जात असेल तरी आतून चोंदलाय.

जे करू नये

डिझेल पंप वाढवून किंवा ईसीएमचं प्रोग्रॅम बदलून (रिमॅप) बूस्ट २२ वरून ३० पीएसआय केलं, तर टर्बोनंतरची हवा २०० अंशांच्या बरीच पुढे जाते आणि मूळ इंटरकूलर त्याला पुरत नाही. कंपनीच्या नोंदीत नसलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येही अडकतो. जुन्या नुसत्या ‘टीसी’ (फक्त टर्बोच्या) गाडीला इंटरकूलर चढवून ‘टीसीआयसी’ करायचं असेल, तर पंपाचं कॅलिब्रेशन आणि रेडिएटरमधून जाणारी हवा दोन्ही बदलतात. त्या खर्चात गाडीची बाकीची दुरुस्ती होते.

घाटाच्या पायथ्याला इंटरकूलरवर पाण्याचा पाइप सोडल्याने दहा मिनिटं बरं वाटतं. बोअरचं जड पाणी रोज मारलं तर महिन्यात फिन्सवर पांढरा क्षार धरतो, तो ब्रशनेही निघत नाही.

ड्रायव्हरच्या हातात मात्र बरंच आहे. खंबाटकीला साताऱ्याकडे चढताना वरच्या गिअरमध्ये १२०० आरपीएमवर दाबून ओढण्यापेक्षा एक गिअर खाली, १७००-१८०० वर चढवा. पंखा आणि पाण्याचा पंप दीडपट फिरतात, प्रत्येक स्ट्रोकला डिझेल कमी पडतं. वर पोचल्यावर बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं आयडल.

काम झाल्यावर त्याच चढावर, तेवढ्याच लोडला, शक्यतो त्याच वेळी पुन्हा तीनही आकडे घ्या आणि खडूने फिल्टरच्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी झाकण उघडणारा तेच आधी वाचतो.